बिनआवाजाचा डबा

उत्तम, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या पोराने, संदेशने माइकवर सांगितलं, "आमचे पप्पा अतिशय शांत स्वभावाचे होते. त्यांचा मोठा आवाज घरात कधी कुणी ऐकला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बाजूला बसलेले तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हळूच म्हणाले, "खरंय. नाकासमोर चालणारा माणूस." मला वाटलं, मी चुकीच्या हॉलात तर येऊन बसलो नाही ना. समोर हार घातलेला फोटो बघितला. फोटो तुझाच होता.

मग कुणीतरी पुकारलं, "उत्तमरावांचे जुने मित्र, मुलुंडहून आलेले दिगंबरकाका दोन शब्द बोलतील." दोन शब्द म्हणजे मी दोनच बोललो. "चांगला माणूस." आणि येऊन बसलो. वंदना नुकतीच झाली होती, मेणबत्त्या पेटलेल्या, पुष्पा वहिनी पांढऱ्या साडीत समोर बसलेल्या. तिथे काय भांडण काढणार? पण आलेलं भांडण मी गिळून ठेवत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय. तू मध्ये तोंड घालणार नाहीस हा त्यातला एक फायदा.

शांत स्वभावाचा म्हणे. तू.

साकीनाक्याच्या आपल्या गाळ्यात सभेचे अँप्लिफायर बनायचे. मी मागच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचो आणि तू शेवटच्या टेबलावर तयार सेट टेस्ट करायचास. दुनिया माइकवर फुंकर मारते, वन टू थ्री म्हणते. तू आलाप लावायचास. मालक काचेच्या केबिनमधून हात जोडायचा, शेजारच्या गाळ्यातले प्रेसवाले मशीन थांबवून दारात येऊन उभे राहायचे. संध्याकाळी तीच गत. तुमची गायन पार्टी, जयंतीचे कार्यक्रम, घाटकोपर, विक्रोळी, कुर्ला, जिथे बोलावलं तिथे. मी कोकणातला, आमच्या वाडीच्या भजनात टाळ कुटणारा माणूस. पण तुझ्या पार्टीत अँप्लिफायरच्या बटणापाशी मीच बसायचो, कारण तुझ्या आवाजाला कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. एकदा ऐन रंगात लाइट गेली तर तू थांबला नाहीस. माइक बाजूला ठेवलास आणि पुढचं कडवं तसंच घेतलंस. मागच्या रांगेतला एक माणूसही उठला नाही. मी बटणावर हात ठेवून नुसता बसलो होतो, काही कामच नव्हतं मला.

त्या माणसाचा आवाज घरात कधी कुणी ऐकला नाही म्हणे.

सगळी उमर तुला मेल्या म्हणत आलो. आमच्याकडे लाडाने म्हणतात तसं. आता तोंडात येतं आणि जीभ अडते. हीसुद्धा तुझीच करणी.

तुमची वस्ती पाडली, बिल्डिंग झाली, तिथून सगळं सुरू झालं. वस्तीत तू अंघोळ करताना गायलास तर पलीकडची म्हातारी फर्माइश करायची. बिल्डिंगमध्ये आल्यावर खालचे लोक वर येऊन बेल वाजवायला लागले. तरी तोपर्यंत ठीक होतं, बेल वाजवणाऱ्यांना तू दारातच दोन ओळी ऐकवून पाठवायचास. मग संदेशला घरून काम करायची नोकरी लागली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल, समोर भिंतीला दिवाण, दिवाणावर तू. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर परदेशातल्या लोकांशी बोलणार, आणि तू पेपरचं पानसुद्धा जपून उलटणार. मी आलो की जिन्यावरच सांगायचास, "दिग्या, आत हळू बोल हां." माझ्याच्याने हळू बोलवत नाही, तर आपण दोघं खाली कट्ट्यावर जाऊन बसायचो. स्वतःचं घर असताना.

संदेश वाईट पोरगा नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू वरून भांडायला येशील. त्याने तुला कधी उलट उत्तर दिलं नाही, औषधं चुकवली नाहीत, सगळं केलं. फक्त "पप्पा, हळू ना" एवढंच म्हणायचा. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा की शेवटी त्याला म्हणायची गरज उरली नाही.

तुझा दुपारचा विरंगुळा म्हणजे टीव्ही. संदेशचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून तू त्यावर सिनेमे लावायचास, जुन्या कुस्त्या बघायचास, आवाज बंद करून. पण कॉम्प्युटरचा पंखा घों घों करायचा. एक दिवस संदेश म्हणाला, "पप्पा, तो डबा बंद ठेवा ना, कॉलवर त्याचा आवाज जातो." तू मला फोन केलास. वाटलं आता तरी चिडला असशील. तर तू काय म्हणालास? "दिग्या, बिनआवाजाचा डबा बनवू या. छोटासा. टीव्हीखाली बसेल असा. पंखा नको, घरघर नको, काही नको. चालू आहे की बंद, बघणाऱ्याला कळता कामा नये."

मी म्हटलं, "डबा कशाला बदलतोस? पोराला सांग, दिवसातले दोन तास बाप टीव्ही बघणार. तू बेडरूममध्ये जाऊन काम कर."

"आत सून असते, नात असते, मैत्रीचा अभ्यास असतो. त्याचं काम आहे रे."

"आणि तुझं घर आहे."

"घर सगळ्यांचं असतं लेका."

झालं. इथून आपलं भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तरी मी आलो. माझी बायको म्हणाली, एवढी चीड आहे तर जाता कशाला? तिला काय सांगू? तू बोलावलंस आणि मी गेलो नाही असं एकदाही झालेलं नव्हतं.

आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस झकास गेले. लॅमिंग्टन रोडला आपण दोघं म्हातारे दुकानोदुकानी विचारत फिरलो, पंखा नसलेला बोर्ड आहे का, आणि दुकानातली पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. तळहाताएवढा बोर्ड मिळाला. पण पंखा नाही तर त्याची गरमी जाणार कुठे? तेव्हा तुझं डोकं चाललं. आपल्या कंपनीचा एक मेलेला अँप्लिफायर तू माळ्यावर जपून ठेवला होतास. त्याच्या पाठीवरची काळी दातेरी हीटसिंक काढलीस, म्हणालास, हेच झाकण. साकीनाक्याला पत्रा वाकवून देणारा एक गाळा अजून उरलाय, तिथे बसून अॅल्युमिनियमचा डबा करून घेतला. आतला प्रोसेसर तांब्याच्या पट्टीने वरच्या झाकणाला भिडवला, म्हणजे सगळी गरमी त्या दातांमधून वर निघून जाईल. गरमी नीट वर जावी म्हणून मध्ये लावतात ती पांढरी पेस्ट तू अशी लावत होतास, जशा वहिनी चपातीला तूप लावतात, कडेकडेपर्यंत. मी म्हटलं अति करू नकोस. तू म्हणालास, तुला ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला येतात, तेवढंच बघ.

डिस्कवरून तर आपण दुकानातच भांडलो. मी म्हणत होतो साधी फिरणारी हार्डडिस्क टाक. मोठी येते, आणि उद्या काही गडबड झाली तर आतला माल कुणीतरी काढून देतो. तू ती हातात घेऊन कानाला लावलीस. दुकानदाराला म्हणालास, चालू करून दाखव. आणि मग नाक मुरडलंस. "कुरकुरते." मला काही ऐकू येत नव्हतं. दुकानदाराला येत नव्हतं. तुला येत होतं. म्हणून ती चिपवाली एसएसडी घेतली, जिच्यात काही फिरत नाही आणि काही वाजत नाही. मी म्हटलं, घे बाबा, तुझा हट्ट.

सगळं जोडून झाल्यावर तू आपल्या गाळ्यातली जुनी युक्ती केलीस. स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला, म्हणजे आतली बारीकशी गुणगुणसुद्धा सापडते. टीव्हीवर चित्र चालू, आणि तू खाली जमिनीवर उकिडवा बसून, डोळे मिटून डबा ऐकतोयस. खूप वेळ ऐकलंस. मग म्हणालास, "काहीच नाही रे. मुंगी चालल्याएवढंसुद्धा नाही." पोरगं बोर्डात आल्यासारखा चेहरा झाला होता तुझा. संदेशने टेबलावरून अंगठा दाखवला. तू केवढा खूश झालास त्या अंगठ्यावर.

आणि दुसऱ्या दिवशी डबा बंद पडला.

ती कथा पुण्यानुमोदनात सांगितली असती तर लोक हसले असते, पण सांगवली नाही. तुझा फोन आला की मी मुलुंडहून बस पकडून यायचो. आलो की डबा व्यवस्थित चालायचा, मी गेलो की तासाभरात बंद. तू म्हणालास तुझं सोल्डरिंग कच्चं. मी म्हटलं तू स्क्रू जास्त आवळलास. अॅडॉप्टर बदलला, पेस्ट पुसून परत लावली, बोर्ड परत लॅमिंग्टन रोडला दाखवून आणला. तो दुकानदारही वैतागला. आपली सगळी आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी अशी गत. शेवटी एक दिवस मी फोन न करता येऊन उभा राहिलो. बघतो तर डब्यावर पांढरं क्रोशाचं कव्हर, त्याला गुलाबी फुलं. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "धूळ बसते ना भावजी त्या दातांमध्ये. तुम्ही येणार असलात की काढून ठेवते, तुमची वस्तू तुम्हाला दिसायला हवी म्हणून."

ज्या दातांमधून गरमी निघायची, त्यांनाच स्वेटर घातलेला. आणि तुझ्या लक्षात कसं आलं नाही म्हणावं, तर तुमच्या घरात मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. नागडी वस्तूच तुला ओळखू येत नव्हती. संदेश त्या दिवशी नेमका ऑफिसला गेला होता, म्हणून तू हसलास. दिवाणावर आडवा पडून हसलास. वहिनी पदर तोंडाला लावून तुला गप्प करत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. खालच्यांनी बेल वाजवली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यानंतर तसं हसताना तुला मी पाहिलं नाही.

डबा चालायला लागल्यावर तू कॅसेट बाहेर काढल्यास. तेव्हा मला कळलं की हा सगळा खटाटोप कुस्त्या बघायला नव्हता. पार्टीच्या कार्यक्रमांच्या कॅसेट, मीच अँप्लिफायरवरून भरलेल्या, पत्र्याच्या पेटीत. काहींना बुरशी. तू कुठून तरी डेक मिळवलास आणि एकेक कॅसेट पूर्ण वाजवून डब्यात भरत बसलास, दुपारच्या दुपार. कानाला हेडफोन. ढोलकी, कोरस, तुमच्या शाहिराचं मधलं बोलणं, आणि तू. पार्टीतला एक कोरसवाला सोडला तर त्या कॅसेटमधलं आता कुणी जिवंत नाही.

मी म्हटलं, "मला एक कॉपी दे. पेन ड्राइव्ह आणतो."

"देतो रे. आधी साफ करतो. खरखर फार आहे."

पुढच्या वेळी परत विचारलं. परत खरखर. अरे, ती खरखर कॅसेटची होती, त्या मैदानातल्या धुळीची होती, राहिली असती तर कुणाचं काय बिघडत होतं? पण तुला तिथेही आवाज नको होता. मग एकदा बघतो तर पेटी जागेवर नाही. भंगारवाल्याला दिली म्हणालास. माळ्यावर मैत्रीची सायकल ठेवायची होती. मी म्हटलं, "विचारलं तरी असतंस मला." तू म्हणालास, "डब्यात आहे ना सगळं. बुरशी लागलेल्या कॅसेट घेऊन काय करणार?"

डब्यात आहे सगळं. हे तुझे शब्द.

आणि ती दुपार. ती मी तुला माफ करणार नाही, तू गेलास तरी. तू मला ऐकायला बोलावलं होतंस. एका पिनला दोन हेडफोन लागतील अशी वायर आणली होतीस. दिवाणावर आपण दोघं शेजारी शेजारी, टीव्हीचा पडदा काळा, कानात तुझा तो जुना आवाज. मी रडलो, लपवत नाही. काय आवाज होता रे. मी मांडीवर ठेका धरला आणि तूही धरलास, आणि मग पुढच्या कडव्याला तू आपोआप तोंड उघडलंस. तुझ्या कानात हेडफोन, तुला काय कळणार? तू पूर्ण आवाजात उचललंस. म्हातारपणाचा आवाज, जरासा फाटका, पण सुरात. स्वयंपाकघरातून वहिनी दारात आल्या. मैत्री आतून धावत आली, डोळे विस्फारून बघत उभी राहिली.

संदेशने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बस, एवढंच. रागावला नाही, ओरडला नाही. शाळेत मास्तर ठेवतात तसं बोट.

तू हेडफोन काढलेस आणि म्हणालास, "सॉरी."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराला, स्वतःच्या गाण्याबद्दल. सॉरी. मी उठलो, चपला घातल्या. तू जिन्यापर्यंत आलास. मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. थोडक्यात सांगायचं तर, बैलाची शिंगं कापली तरी तो मान हलवतो, तू तेवढंही करत नाहीस, असं काहीतरी म्हणालो. तू म्हणालास, "भांडून काय मिळणार दिग्या? त्याला वाईट वाटेल, मला वाईट वाटेल. त्यापेक्षा एकालाच वाटू दे." मी म्हटलं, "आणि तो एक कायम तूच." तू म्हणालास, "मी बाप आहे ना."  त्यावरचं उत्तर मला बसमध्ये सुचलं, पण तेव्हा तू समोर नव्हतास. नंतर फोनवर आपण डब्याबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो, त्याबद्दल बोललो नाही.

तू गेलास तोसुद्धा तसाच. दुपारी जेवून दिवाणावर आडवा झालास. संदेश समोर कॉलवर होता, तुझ्याकडे पाठ करून. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तू थंड पडला होतास. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले असतील, कळलंही नसेल. ते सगळ्यांनाच तसं सांगतात. मी आलो तेव्हा संदेश जिन्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "काका, मी इथेच होतो हो. चार पावलांवर. त्यांनी हाक मारली असेल का? माझ्या कानात हेडफोन होते." मी म्हटलं, "नाही रे, झोपेत गेला तो." पण खरं सांगू? मला नाही वाटत झोपेत गेलास. मला वाटतं तुला कळलं, आणि पोरगा कॉलवर आहे म्हणून तू थांबलास. असं असेल तर तुझ्यासारखा मूर्ख माणूस मी पाहिला नाही. मारायची ना हाक. लाइट गेल्यावर मागच्या रांगेला ऐकू गेलेला आवाज तुझा, चार पावलांवर नसता पोचला?

राग येतो. लोक रडतात, मला राग येतो. रडूही येतं, पण ते रागाच्या मागे उभं राहून वाट बघतं.

पुण्यानुमोदन आटपलं, जेवणं झाली. मी वहिनींना नमस्कार करून निघालो तर संदेश पिशवी घेऊन मागे आला. म्हणाला, "काका, पप्पांचा डबा. तुम्ही दोघांनी बनवलेला. आम्ही काही वापरणार नाही, तुमच्याकडेच राहू दे."  माझ्या मनात एकच गोष्ट होती. कॉपी तू दिली नाहीस, पण आता मूळच माझ्या हातात येतंय. पिशवी छातीशी धरली मी. आणि तो पुढे म्हणाला, "सगळं क्लीन करून दिलंय काका. फॉरमॅट मारून नवीन सिस्टीम टाकलीय. पप्पांचं काही राहिलं नाही त्यात. बिनधास्त वापरा."

त्याने चांगुलपणाने केलं रे. आपल्यात कुणाचा डबा परत करताना घासूनपुसून देतात, तसं. पण आपल्यात घासलेला डबा रिकामा देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मला त्याला विचारायचं होतं, आत काय होतं ते बघितलंस का? तोंड उघडलं. मागे वहिनी उभ्या होत्या. मी म्हटलं, "बरं केलंस."

घरी येऊन टीव्हीला लावला. पडदा निळा झाला आणि मला विचारायला लागला, भाषा कोणती निवडता. सगळीकडे शोधलं. मुलुंडच्या एका डेटा काढून देणाऱ्या दुकानात नेला. त्या माणसाने जोडून बघितलं, म्हणाला, "काका, साधी हार्डडिस्क असती तर प्रयत्न केला असता. ही एसएसडी आहे, फॉरमॅट मारल्यावर हिच्यातून परत काही येत नाही. ही कोणी टाकली?" मी म्हटलं, "माझा मित्र. त्याला कुरकुर सहन होत नव्हती."  दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो जरा वेळ. त्या माणसाने पाणी आणून दिलं.

काल संदेशचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, "काका, एक काम होतं. पुण्यानुमोदनाला एक म्हातारे गृहस्थ आले होते, पप्पांच्या पार्टीत कोरसला असायचे. मला धरून ठेवलं त्यांनी. म्हणाले, तुझा बाप गायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबायची. मला हे माहीतच नाही काका. म्हणजे गायचे हे माहीत होतं, पण असं... मी लहान होतो, झोपून जायचो. त्यांचं काही रेकॉर्डिंग असेल ना तुमच्याकडे? मैत्री सारखी विचारते."

उत्तम, उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. होतं रे बाळा, तुझ्याच घरात होतं, टीव्हीखाली, तुझ्या पाठीमागे, आणि तूच स्वतःच्या हाताने पुसलंस. जिन्यावर तुला सुनावायचं राहिलेलं सगळं त्या एका वाक्यात मावलं असतं. मी तेच बोलणार होतो, तुझी शपथ. पण मला तो जिन्यावर बसलेला दिसला. चार पावलांवर होतो म्हणणारा. एक दगड त्याने आधीच गळ्यात बांधून घेतलाय, त्यावर मी दुसरा कुठे बांधू?

मी म्हटलं, "होत्या कॅसेट. तुझ्या पप्पांनी भंगारात दिल्या."

"आणि कॉम्प्युटरवर वगैरे?"

"भरल्या होत्या थोड्या. त्यानेच पुसल्या असतील. म्हणायचा, माझा आवाज कोण ऐकणार."

चोर सोडून संन्याशाला सुळी. तू असं कधी म्हणाला नव्हतास. मेलेल्या माणसाच्या नावावर मी धडधडीत खोटं बोललो आणि ते लगेच पटलंसुद्धा.  मग चिडला. तुझ्यावर चिडला तो, उत्तम. "असं कसं केलं काका पप्पांनी? एक तरी ठेवायचं ना. आमचा काही विचारच केला नाही." आणि रडायला लागला. मी फोन कानाला धरून तुझी निंदा ऐकत बसलो आणि तुझ्या बाजूने एक अक्षर बोललो नाही. दोघांना वाईट वाटण्यापेक्षा एकालाच वाटू दे. बघ, तुझीच अक्कल वापरली. आयुष्यभर जिच्यावर थुंकलो तीच.

मग फोन मैत्रीने घेतला. "दिगूआजोबा, आजोबांचा आवाज कसा होता?"

मी म्हटलं, "मोठा होता गं. खूप मोठा. एवढा, की माइक लागायचा नाही."

 ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "नाही हो. आजोबा हळू बोलायचे."

त्या दुपारी ती दारात उभी होती, डोळे विस्फारून. लहान आहे, विसरली असेल. आठवण करून दिली असती तर तिला ते बोटही आठवलं असतं, आणि बाप बाजूलाच बसलेला.

"हो गं बाय," मी म्हटलं. "हळूच बोलायचे."